आई, रस्त्यावर बाबा आहेत

माझ्या सासूबाई विमान चालवतात. लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणींनी विचारलं, "म्हणजे प्रवासी नेतात?" तर तसं नाही. पिकांवर फवारणी करणारं, एकाच माणसापुरतं, पिवळंधमक, नाक पुढे काढलेलं विमान. सूर्यफुलांच्या डोक्यावर फणी फिरवल्यासारख्या त्या शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात, टोकाला आल्या की सरळ आभाळात घुसतात, गिरकी घेतात आणि परत येतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोळे मिटून घेतले होते. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हाही.

मी काळजी करते. बाळ होण्याआधीही करायचे, पण तेव्हा तिला छंद म्हणता येत होतं. बोका झाल्यापासून ती पूर्णवेळ झाली. बोका म्हणजे आमचे दहा महिन्यांचे चिरंजीव. जन्मला तेव्हाच इतका गुबगुबीत होता की हे नाव त्यानेच स्वतःला ठेवलं म्हणायचं. त्याला सर्दी झाली की मी रात्रभर श्वास ऐकत बसायचे. सर्दी नसली की एवढा शांत का, म्हणून बसायचे. कॉलेजात मी संख्याशास्त्र घेतलं होतं. त्याचा फायदा असा, की इतर आया नुसत्या घाबरतात, मी किती टक्के घाबरायचं ते सांगू शकते.

नवरा कारखान्यात दिवसपाळीला जायचा, मी घरात काळजी करत फिरायचे. एके दिवशी सासूबाई बूट घालता घालता म्हणाल्या, "इतकी काळजी फुकट करतेस. माझ्याकडे पगारावर कर."

तेव्हापासून मी धावपट्टीशेजारच्या गोदामाच्या गच्चीवर बसते. मोठी छत्री, खुर्ची, दुर्बीण, रेडिओ, पाठीवर झोळीत बोका. माझं काम नजर ठेवायचं. नवी तार ओढली का, शेतात कोणी माणूस शिरला का, वारा फिरला का. जे मी एरवीही करतेच. सासूबाई मला रेडिओवर 'राडार' म्हणतात. पहिल्या आठवड्यात मी त्यांना एका बगळ्याबद्दल चार वेळा सावध केलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "राडार, तो मला तुझ्यापेक्षा जास्त घाबरतो."

गच्चीवर आणखी एक वस्तू आहे, भोंगा. फवारणी सुरू व्हायच्या आधी मी तो एकदा लांब वाजवते. तो वाजला की शेतातल्यांनी बांधावर यायचं आणि रस्त्यावरच्यांनी गाडी जिथे असेल तिथे थांबवून काचा वर करायच्या. दोन छोटे भोंगे वाजले की मोकळं. हा नियम सासूबाईंनी घरोघर जाऊन शिकवलाय. आता इथलं लहान पोरही लांब भोंगा ऐकला की दप्तर डोक्यावर धरून आडोशाला उभं राहतं. आणि सगळ्यांत कडक कोण, तर माझे सासरे. बाबा जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आले; नियमात असलेलं काहीही त्यांना मनापासून आवडतं. एकदा ते भोंग्यानंतर पाहुण्यांच्या गाडीत अडकले होते आणि मी दोन छोटे द्यायला विसरले, तर पाहुण्यांना घामाघूम करून तसेच बसून राहिले होते.

बाबांना गाडी येत नव्हती. घरात गाडी चालवणार ती सासूबाईच. बाबा शेजारी बसून नकाशा धरायचे, तोही बहुतेक उलटा. या वर्षी त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं आणि हळूच म्हणाले, "मी ड्रायव्हिंग शिकतोय. तुझ्या सासूला कळता कामा नये. शिकून झालं की एकदम दाखवीन."

"कुठे शिकताय?"

"बाजारात. मास्तर म्हणतात, गर्दीत शिकलं की भीती जाते."

बाजार, बाबा आणि क्लच हे तीन शब्द एकत्र आल्यावर मला झोप कशी लागणार? मी मास्तरांना फोन केला आणि जागा सुचवली. कालव्याच्या कडेचा रस्ता. सरळसोट, रिकामा, दोन्ही बाजूंना सूर्यफुलं, एकही खांब नाही, तार नाही. मास्तर खूश, बाबा खूश.

आता, हा रस्ता एवढा मोकळा कशामुळे, ते मला माहीत होतं. सासूबाई रोज उड्डाणाआधी विमानाभोवती एक चक्कर मारतात आणि बोट दाखवून म्हणतात, "आज पडायचं झालं तर कुठे?" जागा ठरवल्याशिवाय त्या उडत नाहीत. आणि कालव्यापलीकडच्या शेतांचं काम असलं की बोट नेहमी त्या रस्त्याकडेच जायचं. तिथल्या तारा त्यांनीच वीज कार्यालयात खेटे घालून जमिनीखाली घालून घेतल्या होत्या. मी विचार केला नव्हता असं नाही. मी चांगली आकडेमोड करून विचार केला होता. इंजिन बंद पडण्याची शक्यता घेतली, बाबा त्याच वेळी रस्त्यावर असण्याची घेतली, दोन्हींचा गुणाकार केला. उत्तर इतकं लहान आलं की मी त्या रात्री गाढ झोपले.

त्या दिवशी मास्तर संध्याकाळऐवजी सकाळीच आले. दुपारी त्यांना लग्नाला जायचं होतं. पहिलं शेत मारून झालं म्हणून मी दोन छोटे भोंगे दिले आणि गच्चीवरून दुर्बिणीतून पाहिलं, तर पांढरी गाडी कालव्याच्या रस्त्यावर बेडकासारखी दोन उड्या मारून थांबली होती. पुन्हा दोन उड्या. पुन्हा थांबली. मला हसू आलं. बोका पाठीवर झोपला होता, त्याचं नाक माझ्या मानेला लागलं होतं.

रेडिओ खरखरला. "राडार, वारा सुटलाय. उरलेलं उद्या मारू. परत येतेय."

"टाकीत किती आहे?"

"तिसरा हिस्सा. माशांचं पाणी. कपडे वाळत असले तर काढून घे."

माशांचं पाणी म्हणजे पिकावर मारायचं पातळ खत. विषारी नसतं, पण त्याचा वास अंगाला लागला की कुत्री आपल्याशी ओळख काढतात. मी उठून दोरीकडे बघत होते, तेवढ्यात लांबून येणारा इंजिनाचा आवाज अडखळला. एकदा, दोनदा, जेवताना ठसका लागावा तसा. आणि थांबला. बोका दचकून जागा झाला.

"राडार."

"हो, आई."

"इंजिन गेलं." लाइट गेली, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

गंमत म्हणजे, ज्या प्रसंगाची मी इतक्या वेळा मनात तालीम केली होती, त्यात माझ्या तोंडी एकही वाक्य नव्हतं.

"दोनदा चालू करून बघितलं, घेत नाही. धावपट्टीपर्यंत पोचत नाही मी. रस्ता घेते."

"रस्ता नको."

"का?"

"गाडी आहे रस्त्यावर."

"मग काढायला सांग."

मी फोन लावतच होते. रिंग वाजून वाजून बंद. "मास्तर उचलत नाहीत. शिकवताना ते फोन कप्प्यात ठेवतात."

"कुठले मास्तर?"

"ड्रायव्हिंगचे."

"शिकतंय कोण?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "आई, रस्त्यावर बाबा आहेत."

रेडिओत नुसता वाऱ्याचा आवाज येत राहिला. मग त्या म्हणाल्या, "कुणाचे बाबा?"

"आपले."

"आपले बाबा गाडी चालवतायत?"

"आत्ता नाही. बंद पडलीय."

"म्हणजे घरात दोघांचीही बंद." त्या हसल्या की तो वाऱ्याचा आवाज होता, मला कळलं नाही. "राडार, शेतात उतरले तर हे उंच पीक चाकं धरेल आणि मी उलटी होईन. मला रस्ताच हवा. त्यांना हलव."

आता विमान मला दिसत होतं. आवाज न करता येणारं विमान कधी पाहिलंय का? पुढच्या पंख्याची पाती एकेक मोजता येत होती, ती कधीच मोजता येऊ नयेत. दुर्बीण फिरवून मी गाडीकडे पाहिलं. आणि तेवढ्यात गाडी चालू झाली. खरंच झाली. धूर सोडून, मान डोलवत, पण न थांबता पुढे निघाली. थोडं पुढे पंपघराकडे वळणारी पायवाटेएवढी वाट होती. तिथे वळले की रस्ता मोकळा. मी गच्चीवर ओरडत होते, "चला बाबा, चला बाबा," जणू ते शर्यतीत होते. बोका पाठीवर टाळ्या वाजवत होता. त्यांना काहीही करून ऐकू जावं, त्यांनी आणखी जोर करावा, म्हणून माझा हात आपोआप जवळच्या सगळ्यांत मोठ्या आवाजाकडे गेला.

मी भोंगा वाजवला. एक, लांब.

गाडी थांबली. वळणाच्या तोंडाशी, बरोबर रस्त्याच्या मधोमध. आणि एकामागून एक चारही काचा शहाण्या मुलासारख्या वर गेल्या.

"राडार, भोंगा तू वाजवलास?"

"हो."

"का?"

"माहीत नाही."

मी लगेच दोन छोट्यांसाठी कळ दाबली. भोंग्याने फुस्स केलं. तो जुना आहे. एकदा लांब वाजला की पुन्हा दम भरायला त्याला वेळ लागतो. मी दाबत राहिले, तो फुसफुसत राहिला.

"काचा वर केल्या त्यांनी?" सासूबाईंचा आवाज आता कामाचा झाला होता, शेताच्या टोकाला वळताना असतो तसा.

"चारही."

"नक्की? नीट बघ."

मी दुर्बिणीतून नीट पाहिलं. काचेआड बाबा हात मांडीवर ठेवून, पाठ ताठ करून बसले होते. मास्तरांनी बहुधा काहीतरी विचारलं असावं, कारण बाबांनी बोट ओठांवर ठेवलं. "नक्की."

"बरं. आता बोलू नकोस."

मी बोलले नाही. मी आयुष्यात इतकी न बोलता कधीच उभी राहिले नाही. गाडीच्या अलीकडे कालव्याचा पूल होता, त्याच्या कठड्यांमधली जागा पंखांपेक्षा अरुंद. म्हणजे पुलाच्या पुढेच टेकायला हवं. पण पूल आणि गाडी यांच्यामध्ये विमान थांबण्याएवढी जागा नव्हती. गाडीच्या पलीकडे मात्र रस्ता नजर पोचेल तिथपर्यंत मोकळा. हे मला दिसत होतं आणि त्यांनाही दिसत असणार. विमान पुलावरून आलं, खाली आलं, आणखी खाली, इतकं खाली की त्याची सावली आणि ते एकमेकांना भेटायला निघाल्यासारखे झाले. गाडी समोर. मी बोक्याचा पाय घट्ट धरला.

मग सासूबाईंनी दांडा ओढला. टाकी एकदम रिकामी करायचा एक दांडा असतो, संकटासाठीच. विमानाच्या पोटातून तपकिरी पाण्याचा पडदा धाडकन सुटला आणि तेवढं ओझं उतरल्याबरोबर विमानाने बकरीच्या करडासारखी उडी मारली. गाडीच्या टपावरून ते गेलं, पलीकडे धप्पकन बसलं, पुन्हा उसळलं, पुन्हा बसलं, एक चाक कडेच्या मातीत गेलं, एक पंख सूर्यफुलांच्या डोक्यांवरून टपटप वाजवत पुढे सरकला. आणि थांबलं. उभंच्या उभं.

मी शिडी कशी उतरले ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी धावत होते आणि हसत होते, आणि हसू थांबवायला गेले की जास्त येत होतं. बोका पाठीवर गचके खात होता. कमरेला लावलेला रेडिओ बोलला.

"राडार."

"हो, आई."

"बाबांच्या गाडीचा रंग कुठला?"

"पांढरा."

"होता," सासूबाई म्हणाल्या.

मी पोचले तेव्हा त्या हेल्मेट काखेत घेऊन गाडीपाशी उभ्या होत्या आणि बाबांच्या बाजूची काच ठोठावत होत्या. गाडी गुळाच्या पाकात बुडवून काढल्यासारखी दिसत होती. वासाबद्दल मी लिहीत नाही. सासूबाईंनी बाहीने काचेवर एक गोल पुसला. त्या गोलात बाबांचा चेहरा आला. ते मान हलवत होते. नाही, नाही.

"अहो, काच खाली घ्या."

आतून बाबांचा आवाज उशीखालून आल्यासारखा आला. "दोन वाजले नाहीत."

"काय दोन?"

"भोंगे. दोन छोटे. ते झाल्याशिवाय काच उघडायची नाही."

"मी सांगतेय ना. मी."

"तूच सांगितलंयस," बाबा म्हणाले, "की तू स्वतः येऊन सांगितलंस तरी उघडायची नाही."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. भोंगा मागे गच्चीवर फुसफुसत राहिला होता. मास्तर पलीकडच्या सीटवर दोन्ही हातांनी पट्टा धरून समोर बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना लग्नाची आठवण राहिली नसावी.

तेव्हा मी, संख्याशास्त्राची पदवीधर, एका मुलाची आई, रस्त्याच्या मधोमध उभी राहिले, छाती भरून श्वास घेतला आणि तोंडाने दोनदा भोंगा वाजवला. पोंऽ. पोंऽ. बोका इतका खदखदून हसला की त्याला उचकी लागली. बाबांनी क्षणभर विचार केला. आवाज अधिकृत माणसाचा होता, संख्या बरोबर होती. त्यांनी काच खाली घेतली.

काचेबरोबर काचेवरचं सगळं त्यांच्या मांडीवर आलं.

"तू रस्त्यावर काय करतेयस?" बाबांनी सासूबाईंना विचारलं.

"मी? तुम्ही काय करताय?"

"शिकतोय."

"कधीपासून?"

"तुला दाखवणारच होतो. अजून वळणं व्हायची आहेत." बाबांनी सासूबाईंच्या खांद्यावरून पुढे पाहिलं. तिथे विमान रस्ता अडवून उभं होतं. मग वर आभाळात पाहिलं, मग टपाकडे. "हे वरून..."

"हो."

"इंजिन?"

"बंद पडलं."

"माझंही मघाशी बंद पडलं होतं," बाबा म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "पण मला चालू करता येतं आता. क्लच पूर्ण दाबायचा असतो."

"दोनदा बघितलं मी," सासूबाई म्हणाल्या. "माझं नाही झालं."

आणि मग आम्ही सगळेच हसलो. मास्तरसुद्धा, पट्टा न सोडता. कशाला, ते सांगता येणार नाही. कुणीतरी "क्लच" म्हटलं की पुन्हा सुरू व्हायचं. सासूबाईंनी डोळे पुसले तर माशांचं पाणी डोळ्यांत गेलं, त्यावर आणखी हसलो. मी एका हाताने बोक्याचा पाय धरला होता आणि दुसऱ्या हाताने, माझ्या नकळत, त्यांची बाही. ती मी बराच वेळ सोडली नाही. त्यांनीही सोडवून घेतली नाही.

"चल, बस," बाबा म्हणाले. "घरी सोडतो."

"तुम्ही?"

"मग काय मास्तर? त्यांचे हात बघ."

मास्तरांचे हात खरंच कामाचे नव्हते. पण समोरच्या काचेवर वायपर फिरवला की खत नुसतं इकडून तिकडे जात होतं, त्यामुळे मास्तर उतरले आणि गाडीच्या पुढे चालायला लागले, थोडं उजवीकडे, थोडं डावीकडे, अशी खूण करत. सासूबाई मागे माझ्या शेजारी बसल्या. बोका त्यांच्या मांडीवर गेला आणि त्यांच्या कॉलरला लागलेलं खत चाटायला बघू लागला. एरवी माझा जीव गेला असता. मी नुसती त्याची हनुवटी धरली.

गाडीने एक उडी मारली आणि पंपघराच्या वाटेने निघाली. मास्तरांच्या मागोमाग, पायी चालायच्या वेगाने.

"हळू," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी दारावरची मूठ दोन्ही हातांनी धरली होती. मी पाहिलं, बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"अगं, याहून हळू म्हणजे उभं राहणं."

"मग उभे राहा."

बाबांनी गाडी थांबवली. या वेळी अगदी अलगद, उडी न मारता. सासूबाईंनी पुढच्या सीटच्या पाठीला कपाळ टेकलं. खांदे हलत होते. आधी मला वाटलं, अजून हसतायत. मी बोक्याला हळूच माझ्याकडे घेतलं. बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी फक्त हात मागे नेला आणि चाचपडत सासूबाईंच्या केसांवर ठेवला, चिकट, वास येणाऱ्या केसांवर, आणि तिथेच राहू दिला.

मास्तर पुढे एकटेच चार पावलं खुणा करत गेले. मग मागे कोणी नाही हे लक्षात येऊन परत आले आणि खिडकीत वाकले. "काय झालं?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "गाडी बंद पडलीय."

इंजिन चालू होतं. पायाखाली गाडी थरथरत होती, वायपरसुद्धा इकडून तिकडे जात होते. मास्तरांनी एकदा वायपरकडे पाहिलं, एकदा मागच्या सीटकडे.

"असू दे," ते म्हणाले, "घाई नाही," आणि आमच्याकडे पाठ करून सूर्यफुलांकडे बघत उभे राहिले.